म्हातारीचा विमा

मंगळवार, ४ मार्च

ताईच्या बोटीला विमा कंपनीनं आज दार दाखवलं. पत्र गोड आहे. 'आपल्या दीर्घ सहवासाबद्दल आम्ही ऋणी आहोत' इथं सुरू होतं आणि 'चाळीस वर्षांवरील बोटी आम्ही यापुढे स्वीकारत नाही' इथं संपतं. मधला मजकूर मी न वाचता म्हणून दाखवीन, कारण असली पत्रं लिहिण्यातच माझी सगळी नोकरी सरली. मी विमा कंपनीच्या दावे विभागात होतो. लोकांना वाटतं, दावे विभागाचं काम दावे देणं. आम्ही तो गैरसमज मी स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत टिकू दिला.

फाइल उघडली की आधी पार्श्वभूमी लिहायची, ही जुनी सवय. तर पार्श्वभूमी अशी. ताई माझी मोठी बहीण. भाऊजींनी चांगली नोकरी सोडून शिडाची जुनी बोट घेतली तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. ताईही त्यांच्याबरोबर गेली, तेव्हा तिलाही काढलं. वर्षानुवर्षं दोघं परक्या किनाऱ्यांवरून हिंडत राहिली आणि आम्हाला सुंदर सूर्यास्तांचे फोटो पाठवत राहिली, ज्यांना आम्ही न बघता अंगठा दाखवायचो. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले. झोपेत, बोटीवरच. सगळे धरून चालले की आता ताई घरी येणार. ती आली, पंधरवडा राहिली, आणि 'बोटीचा तळ रंगवायचाय' म्हणून परत गेली. मला बोटीतलं काही कळत नाही. पण तळ रंगवायला दोन वर्षं लागत नाहीत, एवढं कळतं.

बोटीला ती म्हातारी म्हणते. स्वतः साठीच्या पुढे आहे, तरी.

आता अडचण. म्हातारी सध्या ज्या बंदरात आहे तिथं जूनपासून वादळं. त्याआधी निघायला हवं. पुढच्या देशातलं बंदर विम्याचा कागद बघितल्याशिवाय आत घेत नाही. आणि आहे त्या बंदरानंही सांगितलंय, मे संपेपर्यंत कागद दाखवा किंवा बोट हलवा.

संध्याकाळी ताईचा फोन. "छोट्या, तू जन्मभर याच धंद्यात होतास ना? मग मला एक कागद मिळवून दे. म्हातारी दुसऱ्या कुणाला धडकली तर त्याला भरपाई मिळेल, एवढंच लिहिलेला. आणि परवडेल असा बघ बाबा, मी काही जहाजाची मालकीण नाही."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर म्हातारी विकायची आणि तुझ्या छातीवर येऊन बसायचं."

ती हसली. मीही हसलो. जिवाचं रान करीन, असं वचन दिलं.

फोन ठेवून वरची रिकामी खोली बघून आलो. पूर्वेला खिडकी आहे. भिंतींचा रंग मात्र पार गेलाय.

रविवार, ९ मार्च

आठवडाभर फोन. जुनी ओळख सांगितली की लोक अदबीनं बोलतात आणि अदबीनंच नाही म्हणतात. एक कंपनी तीस वर्षांपर्यंतच्या बोटी घेते. दुसरी वय चालवून घेते, पण बाई एकटी असल्याचं चालवून घेत नाही. तिसऱ्या कंपनीतल्या पोरानं विचारलं, "बोटीला पार्किंग सेन्सर आहेत का?" नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती सगळी माझ्याच टेबलावर येऊन बसली आहेत.

एका जुन्या दलालानं समजावलं, "साहेब, वय विचारलं तर वय सांगा. लांबी विचारली तर लांबी सांगा. जे विचारलं नाही ते सांगायला आपण काय देवळात बसलोय का?"

असल्या माणसांमुळेच धंद्याची अब्रू गेली. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही अजून तस्सेच आहात." स्तुती म्हणून घेतली.

दुपारी रंगारी येऊन वरची खोली बघून गेला. फिकट हिरवा सांगितला. डोळ्यांना शांत असतो.

"वन्संना विचारलंत?" बायकोनं विचारलं.

"त्यात विचारायचं काय? घराची डागडुजी आहे."

"मग जिन्याखालची ओल आधी काढा."

ओल काय, दरवर्षीच असते.

सोमवार, १७ मार्च

प्रस्तावाचं पत्र पूर्ण झालं. चौदा पानं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चोख काम.

विमा हा विश्वासाचा करार असतो. दावा फेटाळला जातो तो लिहिलेल्या गोष्टीमुळे नव्हे, लिहायच्या राहिलेल्या गोष्टीमुळे. मी एका व्यापाऱ्याच्या गोदामाचा दावा फेटाळला होता, कारण गोदामात मांजर पाळल्याचं त्यानं कळवलं नव्हतं. आग मांजरानं लावली नव्हती, पण प्रश्न तत्त्वाचा होता. मी आयुष्यात एकही दावा रागानं फेटाळलेला नाही. सगळे आपुलकीनं फेटाळले.

तेव्हा ताईच्या बाबतीत काहीही झाकून ठेवायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. तिला रोज फोन करून विचारत होतो आणि ती बिचारी सांगत होती. सुकाणूला पूर्वी पडलेली आणि बुजवलेली चीर. दुसऱ्या प्रयत्नात सुरू होणारं इंजिन. डावा गुडघा. चष्म्याचा नंबर, दोन्ही डोळ्यांचा वेगळा. सुकाणू धरून गाणी म्हणण्याची सवय (लक्ष विचलित होण्याची शक्यता). भाऊजींचा मृत्यू, त्यापुढे 'यात बोटीचा दोष आढळला नाही' अशी निःपक्षपाती टीप. लहानपणी फांदी कच्ची आहे असं सांगूनही ती झाडावर चढली आणि पडली, तेही घेतलं. स्वभाव हासुद्धा जोखमीचाच भाग असतो.

बायकोनं चष्मा लावून सगळी चौदा पानं वाचली. वाचताना तिचा चेहरा कसा होता ते सांगता येत नाही. म्हणाली, "तुम्ही विमा काढताय की कुंडली मांडताय?"

"उद्या कुणी म्हणायला नको, लपवलं म्हणून."

"याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात."

"याला सचोटी म्हणतात."

"वरच्या खोलीचा रंग वाळला का?" तिनं विचारलं. विषयाला धरून बोलणं तिला कधी जमलंच नाही.

बुधवार, २६ मार्च

सहा कंपन्यांना पाठवलं होतं, चार नकार आले. एक तर चहा निवायच्या आत आला. एवढ्या वेळात चौदा पानं वाचून होत नाहीत. हल्ली कुणी मन लावून नकारही देत नाही.

ताईला कळवलं. ती म्हणाली, "तू लिहितोस तरी काय त्यांना?"

"जे आहे ते."

ती म्हणाली, "जे आहे ते मीच रोज बघते रे. तरी मला झोप लागते."

शनिवार, ५ एप्रिल

राहिलेल्या दोन कंपन्यांपैकी एकीचाही नकार आला; दुसरीनं म्हटलं, आधी तज्ज्ञाकडून बोट पाण्याबाहेर काढून तपासून घ्या. मी ताईला सांगितलं, हे खर्चाचं आणि त्रासाचं काम आहे, कुणी घाई केलेली नाही. तिनं परवाच क्रेन ठरवून म्हातारीला उचलून काढलं आणि तपासनीस बोलावला.

आज व्हिडिओवर सगळं दाखवलं. तपासनीस म्हणजे उन्हात रापलेला एक अबोल माणूस. हातात छोटी हातोडी. तळाच्या एका टोकापासून ठोकत निघाला. आवाज टणक आला तर बरं, भद्द आला तर आत पाणी मुरलंय असं समजायचं. ताई त्याच्या मागून कान देऊन चालली होती. मीही इकडे कान दिला. टक टक टक. भद्द काही येईना.

"ऐकतोस ना छोट्या? तरुण बोटींचाही असा येत नाही."

त्याचा अहवाल संध्याकाळी आला: 'वयाच्या मानानं उत्तम.' डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा तेवढ्या जुन्या झाल्यात, त्या बदला. ताई म्हणाली, त्या ती स्वतः बदलणार, दोरखंडाच्या झुल्यात बसून काठीच्या टोकापर्यंत वर जाऊन. हे तिनं असं सांगितलं, जणू माळ्यावरची पातेली काढायची आहेत.

मी अहवाल कंपनीला पाठवला. सोबत एक टिपण जोडलं: ''वयाच्या मानानं' या शब्दांकडे आपलं लक्ष वेधू इच्छितो.' तारा कोण बदलणार आहे, हेही कळवलं. डाव्या गुडघ्याचा संदर्भ दिला, पान चार.

सोमवार, १४ एप्रिल

त्या कंपनीनं होकार दिला, पण हप्ता असा सांगितला की तेवढ्यात म्हातारीला सोन्याचा नाही तरी पितळेचा तळ बसला असता. ताई म्हणाली, "हा विमा आहे की खंडणी?" तेव्हा तोही मार्ग संपला. प्रयत्न झाला, याचं समाधान आहे.

घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही. बायको सकाळी पोहायला जाते. या वयात. डॉक्टरांनी पाठीसाठी सांगितलंय म्हणे. ओले केस घेऊन येते आणि दोन पोळ्या जास्त खाते. शनिवार-रविवार मैत्रिणीकडे असते, तळ्याकाठी तिचं घर आहे. कालही गेली होती. नाक सोलवटून आली. मैत्रिणीच्या घराला छप्पर नाही का, असं विचारणार होतो. पण तिच्या मैत्रिणींविषयी बोललं की विषय माझ्या मित्रांवर येतो.

मंगळवार, २२ एप्रिल

वरच्या खोलीसाठी गादी आली. पाठीला टणक, गुडघ्यांना मऊ, असं दुकानदार म्हणाला. गादी एवढी जाण कशी ठेवते, कळत नाही.

पडदे लावले. पडद्याच्या दोऱ्यांना बायकोनं चमत्कारिक गाठी मारून ठेवल्यात. ओढल्या की घट्ट बसतात आणि एक टोक हिसडलं की सुटून हातात येतात. विचारलं तर म्हणाली, हाताला चाळा. घरातल्या सगळ्या दोऱ्यांना तसलाच चाळा झालाय. माझ्या पायजम्याच्या नाडीलासुद्धा.

शनिवार, ३ मे

ताईचा फोन आला तेव्हा मी जिन्यात होतो. नेहमीसारखं 'छोट्या' नाही. सरळ म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय."

"कसलं?"

"म्हातारीचं. इथलाच एक जण आहे. डोलकाठी कापून टाकणार आणि धक्क्याला कायमची बांधून वर खुर्च्या-टेबलं मांडणार. चहापाण्याची सोय. लोकांना हौस असते म्हणे, बोटीत बसून खायची."

"भाव काय देतोय?"

"भाव बरा देतोय."

"मग बघ बाई. मला विचारशील तर, तिला तरी आता विश्रांती हवीच."

मग कॅमेरा फिरवून तिनं आतली खोली दाखवली. एका बाजूला झोपायची फळी, समोर चूल. चूल अशी टांगलेली की बोट कितीही कलंडली तरी पातेलं सरळ राहावं. ती म्हणाली, "ही टांगणी त्यांनी केली होती. तीन वेळा चुकली. तिसऱ्यांदा भाताचं पातेलं माझ्या अंगावर." मला वाटलं, ती हसणार. तेवढ्यात चित्र बंद पडलं. तिकडचं नेट अगदीच खराब आहे.

बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती तशीच टाकून बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलत बसली. आत आली ती म्हणाली, "एक पत्ता देते. शिडाच्या बोटीवाल्यांनीच वर्गणी काढून चालवलेली विमा संस्था आहे, लहानशी. तिथं लिहा. आत्ता."

"आता कशाला? गिऱ्हाईक आलंय."

"लिहा म्हटलं ना."

लिहिलं. माझ्यावर कुणी हलगर्जीपणाचा ठपका ठेवायला नको. चौदा पानं, तपासनिसाचा अहवाल, माझं टिपण, सगळं जोडलं. शिवाय गिऱ्हाईक आल्याचंही कळवलं. मालकाचं मन बोटीतून उडालं असेल तर तोही जोखमीचाच भाग.

पत्ता तिला कुठून मिळाला, ते विचारायचं राहिलं.

मंगळवार, ६ मे

त्या संस्थेतून एका बाईचा फोन आला. आवाज इतका गोड की मी नकार ऐकायला खुर्चीत नीट बसलो.

"चौदा पानी पत्र तुमचंच ना?"

"हो. काही राहिलं असल्यास—"

"राहिलं काहीच नाही. आमच्या इथं सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचलं. झाडावरून पडल्याचं विशेष आवडलं."

मी म्हटलं, "मला कल्पना आहे, जोखीम मोठी आहे."

"उलट सांगते," ती म्हणाली. "आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना आपल्या बोटीत काय बिघडलंय याचा पत्ताच नसतो. चकचकीत फोटो पाठवतात आणि पहिल्या वाऱ्यात काठी पडते. या बाईंना बोटीची शिरन् शीर माहीत आहे. इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू होतं हे ज्याला माहीत असतं, तो पहिल्या प्रयत्नाच्या भरवशावर खडकाजवळ जात नाही. आम्ही घेतोय तुमची म्हातारी."

हप्ता विचारला. परवडणारा आहे. नको तितका.

तर सत्याचा विजय झाला. मी जन्मभर जे सांगत आलो ते अखेर एका संस्थेला तरी पटलं. दुपारपासून डोकं दुखतंय.

रविवार, ११ मे

संस्थेचं पत्र आलं आणि मेख सापडली. पान दोन, कलम नऊ: किनारा सोडून रात्रंदिवस प्रवास असेल तेव्हा बोटीवर दुसरा प्रौढ माणूस हवा, पहारा देऊ शकणारा, लहान बोटीचं जुजबी प्रशिक्षण घेतलेला. ताईचा पुढचा टप्पा चांगला आठवडाभराचा आहे. तिथं एकटीला सोडणार नाहीत.

मी ताईला फोन लावला. आवाज शक्य तितका खाली ठेवला. अशी बातमी देण्याची माझी एक पद्धत आहे, ती वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आली आहे. आधी चांगलं सांगायचं, मग 'तथापि'.

"तथापि," मी म्हटलं, "दुसरा माणूस आणणार कुठून? आणि इतक्या थोड्या दिवसांत?"

"तू ये," ताई म्हणाली.

"मी?"

"का? माझ्या बोटीबद्दल तुझ्याइतकं कुणी लिहिलेलं नाही."

मी माझा रक्तदाब सांगितला. पाठ सांगितली. घर कोण बघणार, हे सांगितलं. जिन्याखालची ओलही सांगितली. ताई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बरं बरं, गंमत केली. तुझी बायको आहे का तिथं? स्पीकरवर टाक."

टाकलं.

"काय ग," ताई म्हणाली, "त्यानं कलम नऊ वाचलं एकदाचं."

"वाचलं," बायको म्हणाली. ती मटार सोलत होती. मान वर केली नाही. "वन्सं, तिकीट शनिवारचं मिळतंय. चालेल का?"

मी विचारलं, "कुणाचं तिकीट?"

"माझं."

मी तिला म्हटलं, तुला पोहता कुठं येतं? मग आठवलं. मी म्हटलं, प्रशिक्षण लागतं. तिनं हात पुसले, आतून एक प्रमाणपत्र आणून माझ्यासमोर ठेवलं. तळ्यावरचा लहान शिडाच्या बोटींचा वर्ग. एप्रिलभर, शनिवार-रविवार. गाठी, विभाग 'अ', उत्कृष्ट.

"मैत्रिणीकडे जातेस म्हणालीस."

"मैत्रीणच शिकवते तिथं. तुम्ही कधी विचारलंत, ती करते काय म्हणून?"

फोनवर ताई हसत होती. दोघींचं हे कधीपासून चाललं होतं, देव जाणे. पण ताईचं ते हसू मी भाऊजी गेल्यापासून ऐकलं नव्हतं, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही. गिऱ्हाइकाला तिनं कालच नाही सांगितलंय.

गुरुवार, १५ मे

दुसऱ्या माणसाची माहिती संस्थेला पाठवायची होती. बायकोनं स्वतःच पाठवली, अर्ध्या पानात. अर्ध्या पानात माणूस मावत नाही. मी पुरवणी पाठवली. गाडीत मागच्या सीटवर तिला मळमळतं. अंधारात एकटी जिना उतरत नाही. घाबरली की बडबडते. स्टेशनावर नेहमी चुकीच्या दिशेला वळते.

उत्तर आलं, 'नोंद घेतली. धन्यवाद.' पण त्या गोड आवाजाच्या बाईनं माझी पुरवणी बायकोलाही पाठवली. नियम आहे म्हणे, ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला प्रत जाते. असला नियम आमच्याकडे असता तर कंपनी बसली असती.

जेवताना बायको म्हणाली, "माझ्याबद्दलही लिहिलंत."

"खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"नाहीच. गाडीत मळमळतं खरं. पण ते गाडीनं नाही. तुम्ही चालवता चालवता इतर गाड्यांबद्दल जे बोलता ना, त्यानं." तिनं आमटी वाढली. "जिना उतरत नाही, कारण खालचा दिवा दोन वर्षं गेलाय. बडबडते, कारण या घरात कुणीतरी बोलायला हवं आणि तुम्ही सगळं वहीत लिहिता. आणि स्टेशनावर मी चुकत नाही. मला दरवेळी वाटतं, आज दुसरीकडे जाऊन बघावं."

मी म्हटलं, "मला तुम्हा दोघींची काळजी वाटते, यात काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. फक्त तुमची काळजी जिथं जिथं पोचते, तिथली दारं बंद होतात."

वाक्य चांगलं आहे म्हणून उतरवून घेतलं. रागाच्या भरात माणूस अतिशयोक्ती करतो.

जेवण झाल्यावर जिन्याखालचा दिवा बदलला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

शनिवार, १७ मे

विमानतळावर सोडून आलो. येताना गाडी चालवताना एक शब्द बोललो नाही. अर्थात शेजारी कुणी नव्हतं.

जाताना तिनं माझ्या हातात संस्थेचं शेवटचं पत्र दिलं. कलम बारा. प्रवासात असताना बोटीनं रोज आपला ठावठिकाणा किनाऱ्यावरच्या एका माणसाला कळवायचा. ठरल्या वेळेत कळला नाही, तर त्या माणसानं मदत बोलवायची. तिथं माझं नाव टाकलंय. संस्थेनंच सुचवलं म्हणे. शेरा असा आहे: 'या कामासाठी याहून योग्य व्यक्ती आमच्या पाहण्यात नाही.'

"उंटावरून शेळ्या हाकायच्या आहेत," बायको म्हणाली. "जमेल."

मग आत जाताना वळून म्हणाली, "फ्रिजमधलं आधी संपवा. आणि जेवा वेळेवर." काचेपलीकडे ती डावीकडे वळली. बरोबर दिशा होती.

बुधवार, २८ मे

निघाल्या. बंदरातून बाहेर पडतानाचा व्हिडिओ ताईनं पाठवला. सुकाणू बायकोच्या हातात आणि ताई पुढे शीड चढवतेय. वाऱ्यात शिडाचा फडफडाट, आणि मग ते एकदम भरून गप्प झालं. त्या दोघीही गप्प. माझी बायको गप्प बसलेली मी प्रथमच पाहिली. चेहऱ्यावर काही होतं. झूम करून पाहिलं, पण चित्र फुटलं.

वरच्या खोलीत रेंज चांगली येते, म्हणून टेबल तिकडे नेलं. भिंतीवर नकाशा लावला. रोज संध्याकाळी निरोप येतो, उपग्रहावरून, मोजक्या शब्दांचा. मी टाचणी टोचतो. टाचण्या जमिनीपासून फारच दूर चालल्यात.

बाकीचा दिवस काय करावं, ते कलम बारात लिहिलेलं नाही.

रविवार, १ जून

कालचा निरोप संध्याकाळी आला नाही.

जेवणाची वेळ टळली तरी नाही. संस्थेच्या सूचनेत लिहिलंय, अमुक वेळ थांबा, मग अमुक नंबरला फोन करा. मी नंबर काढून ठेवला. चौदा पानं परत वाचली. सुकाणूची चीर, पान दोन. गुडघा, पान चार. मीच लिहिलेलं, आणि एकेक ओळ वाचताना वाटत होतं, हे कुणी लिहून ठेवलं आणि कशाला. मांजरवाल्या गोदामाचा तो माणूस आठवला. माझ्या टेबलासमोर तो बराच वेळ उभा राहिला होता. काय म्हणत होता ते त्या दिवशी मी नीट ऐकलं नव्हतं. आताही आठवत नाही.

फोन उचलला, तेवढ्यात निरोप आला. बायकोचा.

'उशीर झाला, माफी. वारा वाढला होता. वन्संना उलट्या, मला नाही. त्यांचा गुडघा धरलाय, म्हणून रात्रभर सुकाणू मी घेणार आहे. इंजिन आज तिसऱ्या प्रयत्नात. पाण्यात काहीतरी चमकतंय, मैलभर. जेवलात का?'

आज सकाळचाही आला. दोघी ठीक. ताईनं भात लावला.

आता करारातलं कलम पाच मला पाठ आहे: जोखमीत कोणताही बदल झाल्यास तो संस्थेला तत्काळ कळवणं बंधनकारक आहे. बोटीची मालकीण आजारी. सुकाणूवर नवखी व्यक्ती, तीही अंधारात. इंजिनाचे प्रयत्न दोनावरून तीनवर. कळवण्याजोगे तीन बदल, एकाच निरोपात. मी नोकरीत असतो तर एवढ्यावर अख्खं जहाज फेटाळलं असतं.

पत्र लिहायला बसलो. 'विषय' एवढं लिहून झालं.

पण आज रविवार. संस्थेचं कार्यालय बंद असणार. ती गोड आवाजाची बाई सुटीच्या दिवशीही पत्रं बघते, असं तिनंच मागे सांगितलं होतं, पण तिलाही घरदार असेल. उद्या सोमवार. सोमवारी माणसं कामात असतात.